किरकोळ फेरबदलांची मोठी किंमत

महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची कार्यपत्रिका कोणी आवडीने वाचत नाही. तीत भूमापन क्रमांक असतात, कलमांचे हवाले असतात, मागील ठरावांचे दिनांक असतात, आणि बहुतेक विषय चर्चेवाचून मंजूर होतात. या यादीत अधूनमधून एका विशिष्ट प्रकारचा विषय डोकावतो : अमुक रस्त्यावरील अमुक क्रमांकाचा भूखंड निवासी विभागातून वगळून व्यापारी विभागात समाविष्ट करण्याबाबत. अर्जदाराला जुना बंगला अथवा वाडा पाडून तेथे दुकाने आणि कार्यालये उभारावयाची असतात. नगररचना विभागाचा अभिप्राय सोबत जोडलेला असतो. एखादा नगरसेवक उठून म्हणतो की, या रस्त्यावर आधीच पाय ठेवायला जागा नाही, पलीकडे शाळा आहे, वाहतूक वाढेल. त्यावर ठरलेले उत्तर मिळते : एका इमारतीने असा काय फरक पडणार आहे?

हा सवाल वरवर पाहता बिनतोड आहे. एका इमारतीने खरोखरच फारसा फरक पडत नाही. अडचण अशी की, हेच उत्तर प्रत्येक इमारतीच्या वेळी देता येते आणि प्रत्येक वेळी ते खरेच असते. पंधरा-वीस वर्षांनी त्या रस्त्यावरून पायी चालणे जिकिरीचे होते, रस्ता ओलांडताना वृद्धांना कोणाचा तरी हात धरावा लागतो, आणि तरीही या अवस्थेला जबाबदार असा एकही ठराव पालिकेच्या दप्तरात सापडत नाही. प्रत्येक ठराव निर्दोष आणि सर्व ठरावांची बेरीज मात्र घातक, असा हा विचित्र हिशेब आहे. नगररचनेच्या कारभारात आज ही बेरीज करण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याचे गृहीत

महाराष्ट्रात शहरांच्या जमीनवापराचे नियमन महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने होते. शहराची विकास योजना तयार करताना कोठे घरे असावीत, कोठे बाजार, कोठे कारखाने, कोठे शाळा आणि मैदाने हे ठरविले जाते. योजना साधारणपणे वीस वर्षांची गरज डोळ्यांसमोर ठेवून आखली जाते. इतक्या कालावधीत परिस्थिती बदलणार हे उघड असल्याने कायद्याने दुरुस्तीची वाटही ठेवली आहे. कलम ३७ अन्वये मंजूर योजनेत फेरबदल करता येतो. त्यासाठी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी लागते, नागरिकांना हरकती आणि सूचना मांडण्यास एक महिन्याची मुदत द्यावी लागते, सुनावणी घ्यावी लागते आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी मिळवावी लागते. मात्र या कलमाच्या आरंभीच एक अट घातलेली आहे. फेरबदल असा असला पाहिजे की, त्यामुळे विकास योजनेचे स्वरूप बदलणार नाही.

कायदा करणाऱ्यांचा हेतू येथे स्पष्ट दिसतो. किरकोळ दुरुस्ती चालेल, पण दुरुस्तीच्या नावाखाली योजनाच बदलता कामा नये. परंतु ही अट एकेका फेरबदलाला लावून पाहिली जाते. एका भूखंडाने योजनेचे स्वरूप बदलत नाही, म्हणून अट पुरी झाली असे मानले जाते. त्याच रस्त्यावर पूर्वी असे किती फेरबदल झाले, आणखी किती अर्ज वाटेवर आहेत, आणि या सर्वांनंतर तो रस्ता निवासी म्हणवून घेण्याजोगा उरेल काय, हे विचारले जात नाही. दंडकाची कसोटी थेंबाला लावली जाते आणि तळ्याकडे पाहण्याचे राहून जाते.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एक तर्कदोष आवर्जून शिकविला जातो. जे एकाच्या बाबतीत खरे ते सर्वांच्या बाबतीत खरे असे समजणे, हा तो दोष. गणपतीच्या मिरवणुकीत एकाने टाचा उंचावल्या तर त्याला देखावा अधिक चांगला दिसतो. सर्वांनीच टाचा उंचावल्या तर दिसत कोणालाच नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. वापरबदलाच्या अर्जांची गोष्ट नेमकी हीच आहे.

एका रस्त्याचे गणित

हा मुद्दा आकड्यांत मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, एका भूखंडावर आठ सदनिका आहेत आणि तेथील कुटुंबांकडे मिळून बारा वाहने आहेत. प्रत्येक वाहन दिवसातून दोनदा बाहेर पडले आणि दोनदा परतले, तर त्या आवाराच्या फाटकातून अठ्ठेचाळीस वेळा वाहन पदपथ ओलांडील, आणि तेही बहुतांशी सकाळी आणि सायंकाळी. आता त्याच भूखंडावर बारा दुकाने उभी राहिली असे धरू. प्रत्येक दुकानात दिवसाला पन्नास गिऱ्हाइके आली आणि त्यांतील निम्मी वाहनाने आली, तर तीनशे वाहने येतील आणि तीनशे जातील. दहा तासांच्या व्यवहारात याचा अर्थ मिनिटाला एक वाहन, अखंडपणे. यात माल उतरविणारे टेंपो धरलेले नाहीत, दुकानातील नोकरवर्गाची वाहनेही धरलेली नाहीत.

मिनिटाला एक वाहन हे प्रमाण सोसण्याजोगे वाटते. नगररचना विभागाचा अभिप्रायही बहुधा तसेच म्हणेल. परंतु त्याच बाजूच्या वीस भूखंडांना अशीच परवानगी मिळाली, तर त्या पदपथावरून दर तीन सेकंदांना कोठे ना कोठे एक वाहन आत-बाहेर करू लागेल. मग तो पदपथ चालण्यासाठी उरत नाही. जागोजागी वाहनांसाठी उतार केले जातात, दोन उतारांमध्ये उरलेल्या तुकड्यावर दुचाकी उभ्या राहतात, दुकानाची पायरी पुढे सरकते, पाटी तिच्याही पुढे येते. भारतीय रस्ते परिषदेने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, पादचाऱ्यांसाठी पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी असे मानक घालून दिले आहे. दोन माणसे एकमेकांना धक्का न लावता जाऊ शकतील, चाकाच्या खुर्चीतील अपंग व्यक्तीलाही वाट मिळेल, एवढाच याचा साधा अर्थ. व्यापारी रस्त्यावर ही रुंदी याहूनही अधिक लागते, कारण तेथे लोक चालतात तसे थांबतातही. प्रत्यक्षात गरज जेथे वाढते तेथेच पदपथ आक्रसतो, आणि पादचारी रस्त्यावर उतरतो.

रस्त्यावर उतरलेल्या पादचाऱ्याचे काय होते, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात दरवर्षी छापलेले असते. २०२२ या वर्षात देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. हे सर्वच मृत्यू शहरांतील नव्हेत. महामार्गांवरील बळीही त्यांत आहेत. परंतु ज्यांनी कोणतेही वाहन चालविले नाही, कोणाचाही वेग वाढविला नाही, अशी इतकी माणसे केवळ चालताना मरावीत, ही गोष्ट सुसंस्कृत समाजाला अस्वस्थ करणारी आहे. अपघाताची कारणे नोंदविताना अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन हाकणे अशी वर्गवारी केली जाते. पादचारी पदपथ सोडून रस्त्यावर का उतरला होता, हे त्या वर्गवारीतून कळत नाही. उत्तर पुष्कळदा दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या ठरावात दडलेले असते.

गिरणगावचा धडा

जमिनीचा वापर बदलला आणि माणसांच्या वाटा बदलल्या नाहीत, तर काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपानंतर गिरणी-धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही आणि परळ, लालबाग, लोअर परळ या भागांतील सुमारे सहाशे एकर गिरण्यांच्या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न निर्माण झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने त्याला एक उत्तर दिले. ढोबळमानाने, मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महानगरपालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला सार्वजनिक घरांसाठी, आणि उरलेला मालकाला विकासासाठी, अशी ती वाटणी होती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची दिशाही दाखविली होती. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. २००६ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. कायद्याचा प्रश्न संपला. शहराचा प्रश्न तेथून पुढे तीव्र झाला.

या ठिकाणी एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. गिरणी चालू होती तेव्हाही गिरणगावात गर्दी होती. किंबहुना तीन पाळ्यांची गर्दी होती. परंतु तो कामगार आसपासच्या चाळींत राहत असे आणि भोंगा झाला की पायी कामावर जात असे. गिरणीच्या जागी जी कार्यालये आणि बाजारसंकुले आली त्यांतील नोकरवर्ग उपनगरांतून आणि त्याही पलीकडून लोकलने येऊ लागला. जमीन तीच, कामाला येणारी माणसेही हजारोंनीच मोजावयाची. पण पूर्वी ज्या गर्दीची वाट चाळीच्या दारातून जात होती ती आता रेल्वेच्या पुलावरून जाऊ लागली. वापरबदलाने गर्दीचा मार्ग बदलला आणि त्या मार्गाचा विचार परवानगीच्या कागदांत नव्हता. जमीन एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, पूल तिसऱ्याचा, अशी ही विभागणी होती.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. कामावर निघालेली ही माणसे होती. अवेळी आलेला पाऊस, आडोशासाठी पुलावर थांबलेले लोक आणि मागून येत राहिलेली गर्दी हे त्या घटनेचे तात्कालिक कारण होते, आणि ते नाकारता येणार नाही. केवळ जमिनीच्या वापरबदलामुळे ही माणसे मेली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु एरवी पाऊस येतो तेव्हा माणसे भिजतात, मरत नाहीत. पूल आधीच इतका भरलेला असावा की एका सरीने मृत्यू ओढवावा, ही अवस्था एका सकाळीत तयार झालेली नव्हती. अधिक रुंद पुलाला मंजुरी मिळालेली होती. पूल मात्र कागदावरच होता. दुर्घटनेनंतर सैन्यदलाला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथे नवा पादचारी पूल खुला झाला. जे काम पाच महिन्यांत होऊ शकत होते ते तेवीस माणसे गेल्यावर झाले. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्या नगरनियोजनाचे ब्रीदवाक्य व्हावी, याहून दुर्दैव कोणते?

लाभ कोणाचा, भार कोणावर

गिरणगाव हे मोठे उदाहरण झाले. सामान्य शहरातील सामान्य रस्त्यावर हेच लहान प्रमाणात आणि आवाज न होता घडत असते. तरीही याविरुद्ध लोकमत संघटित होत नाही, याचे कारण अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीवरील आपल्या ग्रंथात मांडलेल्या विचारात सापडते. लाभ थोड्यांच्या वाट्याला भरघोस येत असेल आणि तोटा पुष्कळांमध्ये थोडाथोडा वाटला जात असेल, तर थोडे संघटित होतात आणि पुष्कळ गप्प राहतात. निवासी भूखंड व्यापारी झाला की, मालकाने वीटसुद्धा न रचता त्याचे मोल वाढते. या वाढीसाठी अर्ज करणे, वास्तुविशारद नेमणे, सभेला हजर राहणे त्याला परवडते. तोटा ज्यांचा होतो ती मंडळी कोण? शाळेत जाणारी मुले, बसची वाट पाहणारे कारकून, भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या गृहिणी, शेजारच्या इमारतीतील भाडेकरू. राजपत्र यांच्यापैकी कोणी वाचत नाही. वर्तमानपत्रातील बारीक टाइपातली जाहीर सूचना नजरेस पडलीच, तर तीतील भूमापन क्रमांक म्हणजे आपल्याच कोपऱ्यावरचा बंगला, हे त्यांना उमगत नाही. महिना संपतो, आणि हरकत आली नाही याचा अर्थ संमती आहे असा घेतला जातो.

महानगरपालिका या व्यवहारात तटस्थ पंच असावी अशी अपेक्षा असते. परंतु तिचा स्वतःचाही हितसंबंध यात गुंतलेला आहे. स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईचा जकात करही गेला. त्यानंतर पालिकांच्या हाती स्वतःची म्हणावीत अशी उत्पन्नाची साधने थोडीच उरली : मालमत्ता कर, विकास शुल्क आणि वाढीव चटईक्षेत्रासाठी घेतले जाणारे अधिमूल्य. व्यापारी वापरातून ही तिन्ही निवासी वापरापेक्षा अधिक मिळतात. म्हणजे ज्या संस्थेने परवानगी तोलून द्यावयाची, तिच्या तिजोरीत प्रत्येक परवानगीने भर पडते. पालिकेला पैसा लागतो यात गैर काहीच नाही. पाणी, गटारे, दवाखाने हे सर्व पैशावरच चालते. गैर आहे ते हे की, त्या रस्त्यावर भार टाकून मिळविलेला पैसा त्या रस्त्यावर परत येईलच असे कोणतेही बंधन पाळले जात नाही. भार एका वस्तीने सोसावा आणि रक्कम सर्वसाधारण खर्चात विरून जावी, याला न्याय्य वाटणी म्हणता येणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांसाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यात पुष्कळ ठिकाणी व्यापारी वापराला आणि वाढीव बांधकामाला रस्त्याच्या रुंदीनुसार मुभा मिळते. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. रुंद रस्त्याने अधिक भार घ्यावा. पण ही रुंदी नकाशावरील असते. नकाशावर बारा मीटर असलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाहने उभी राहिली, विजेची पेटी, कचराकुंडी आणि टपरी आली, की वाहनांसाठी आणि माणसांसाठी उरणारी जागा किती, हे मोजपट्टी घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. परवानगी कागदावरील रुंदीला मिळते आणि माणसाला चालावे लागते ते उरलेल्या रुंदीत.

व्यापाराला विरोध नव्हे

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. घर आणि दुकान एकमेकांपासून तोडून दूर ठेवावीत हा विचार आपल्या शहरांचा नव्हे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशीच आपल्या पेठांची घडण आहे. अमेरिकेत जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, दुकाने आणि वर्दळ असलेला रस्ता हाच सुरक्षित रस्ता असतो, कारण त्याच्यावर शेकडो डोळ्यांची राखण असते. कोपऱ्यावर किराणा, पिठाची गिरणी आणि दवाखाना असेल तर माणूस वाहन न काढता पायी जातो. ही दुकाने वाहतूक कमीच करतात. शिवाय व्यापार म्हणजे रोजगार. नवी जागाच मिळाली नाही तर भाडी चढतील आणि त्यांचा भार अखेर गिऱ्हाइकावर पडेल. वाहनांच्या गर्दीचा खरा दोष सार्वजनिक वाहतुकीच्या दैन्यावस्थेकडे जातो, असेही म्हणता येईल.

हे सर्व आक्षेप वजनदार आहेत आणि बऱ्याच अंशी खरेही आहेत. म्हणूनच सरसकट बंदी हा उपाय नव्हे. दिल्लीने सरसकट कठोरतेचा अनुभव घेतलेला आहे. निवासी जागांच्या व्यापारी वापराकडे तेथील यंत्रणांनी वर्षानुवर्षे काणाडोळा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईचा आदेश दिला, दुकानांना टाळी लागली, हजारो व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आला, आणि त्याच वर्षी शासनाला दोन हजारांहून अधिक रस्त्यांवर मिश्र वापर अधिसूचित करावा लागला. आधी बेफिकिरी, मग कुऱ्हाड आणि शेवटी घाऊक माफी, असा हा प्रवास झाला. या तिन्ही अवस्थांत त्या रस्त्यांवरून चालणाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी आला.

दुकान कोणते, हा भेदही करावयास हवा. वस्तीची गरज भागविणारे दुकान आणि साऱ्या शहरातून वाहने खेचून आणणारे दालन, मंगल कार्यालय अथवा शिकवणी-वर्गांची इमारत यांना एकाच व्यापारी शब्दात कोंबणे चुकीचे आहे. पहिल्याला सढळ हाताने परवानगी द्यावी; दुसऱ्याला ती देताना रस्त्याची ताकद तपासावी. व्यापार आणि पादचारी यांचे वैर आहे असे मानण्याचेही कारण नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर गेल्या दशकात पदपथ प्रशस्त करण्यात आले. दुकाने तेथेच आहेत, आणि माणसे बाकांवर बसून बोलताना दिसतात. पदपथ आधी राखून ठेवला तर व्यापार त्याच्याभोवती नीट उभा राहतो. व्यापार आधी आणि पदपथ उरलेल्या जागेत, असा क्रम ठेवला की दोघांचेही नुकसान होते.

बेरीज कोणी करावी?

मग सभेने करावे काय? पहिली गोष्ट अशी की, वापरबदलाच्या अर्जाचा विचार भूखंडाच्या हद्दीत न थांबता रस्त्याच्या हद्दीपर्यंत गेला पाहिजे. प्रत्येक प्रस्तावासोबत त्या रस्त्याची नोंदवही सभेपुढे यावी. या रस्त्यावर विकास योजना मंजूर झाल्यापासून किती भूखंडांचा वापर बदलला, किती प्रस्ताव प्रलंबित आहेत, गर्दीच्या वेळी ताशी किती वाहने आणि किती पादचारी जातात, गेल्या पाच वर्षांत किती अपघात झाले, एवढी माहिती एका पानावर मावते. वाहनांची मोजणी वाहतूक पोलीस करतात. अपघाताची नोंद ठाण्यात असते. फेरबदलांची यादी नगररचना विभागात असते. तीन कपाटांतील तीन कागद एका टेबलावर आणण्याला नवा कायदा लागत नाही. स्वरूप बदलता कामा नये ही कलम ३७ ची अटही मग या बेरजेला लावून पाहता येईल.

दुसरी गोष्ट, परवानगी सशर्त असावी आणि अटीची पूर्तता वापर सुरू होण्यापूर्वी झालेली असावी. दुकानासमोरचा पदपथ मानकाप्रमाणे मोकळा आणि सलग असावा, वाहनांची ये-जा शक्यतो बाजूच्या गल्लीतून अथवा शेजारच्या भूखंडाशी सामाईक फाटकातून असावी, माल उतरविण्याची वेळ शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपासून दूर असावी. या अटी पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. दुकाने सुरू झाल्यावर मागे लागणे किती निष्फळ असते, हे प्रत्येक पालिकेला ठाऊक आहे. वाहनतळ कागदावर दाखवून पुढे त्याचे गोदाम झाल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. वापरबदलामुळे वाढलेल्या मोलाचा जो वाटा शुल्काच्या रूपाने पालिकेकडे येतो, त्याचा ठरावीक भाग त्याच रस्त्याच्या पदपथांसाठी, सुरक्षित ओलांडण-जागांसाठी आणि बससेवेसाठी बांधून ठेवावा. जमिनीचे मोल मालकाच्या श्रमाने वाढलेले नसते, ते समाजाच्या निर्णयाने वाढलेले असते. त्यातील हिस्सा समाजाकडे परत येणे हे उपकार नव्हेत. आणि चौथी गोष्ट, जाहीर सूचना राजपत्राबरोबर त्या भूखंडावर, त्या रस्त्यावरील शाळेत आणि बसथांब्यावर, साध्या मराठीत, नकाशासह लावावी. भूमापन क्रमांकाऐवजी कोपऱ्यावरचा अमुक वाडा असे लिहिले तर हरकती येतील. त्या त्रासदायक वाटतील. परंतु त्यांतील एखादी हरकतच पुढचा अपघात टाळील.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ घालून रस्त्याची रचना आणि देखभाल यांतील कसुरीमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरणाला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. रस्ता बांधणाऱ्याला जबाबदार धरण्याची ही सुरुवात स्वागतार्ह आहे. परंतु रस्त्यावर भार टाकणाऱ्या निर्णयाला अद्याप असा कोणताही जाब नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि तिच्यातील पहिले दोन विषयच नगरनियोजन आणि जमीनवापराचे नियमन हे आहेत. लोकांनी निवडलेल्या सभेकडे हे काम असावे, अशी त्यामागची भूमिका. २०२२ पासून काही वर्षे महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिकांत निवडून आलेली सभाच अस्तित्वात नव्हती आणि असे प्रस्ताव प्रशासकांच्या स्वाक्षरीने निकाली निघत होते. त्या काळात नागरिकांच्या प्रतिनिधींना प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, अशी तक्रार लोकप्रतिनिधींनीच केली. ती योग्य होती. पण सभा असताना तिने हे प्रश्न विचारले नाहीत, तर असण्या-नसण्यात फरक तो काय राहिला?

पुढच्या वेळी कार्यपत्रिकेवर असा विषय येईल तेव्हा सदस्यांनी सभागृहात बसून मत देण्यापूर्वी एक साधे काम करावे. दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास त्या रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून पाहावे, आणि चालताना किती वेळा पदपथ सोडावा लागला हे मोजावे. तो आकडा प्रस्तावाच्या कागदावर लिहावा. एका इमारतीने काय फरक पडणार आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्याशेजारी ठेवूनच द्यावयाचे आहे.